देवळाचा कारभारी कोणाला बांधील?



आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक पूजेस बसतात आणि शेजारी दर्शनरांगेतून निवडलेले एक वारकरी दांपत्य असते. धर्मनिरपेक्ष राज्याचा प्रमुख पूजा कशी करतो, असा प्रश्न पुस्तकी मंडळी विचारतात. वारकऱ्याला तो कधी पडला नाही. त्याच्या मनातला प्रश्न अधिक नेमका आहे : उरलेल्या वर्षभर देवाची पेटी, जमीन आणि दर्शनाची रांग ज्याच्या हाती आहे, ते शासन भक्ताला उत्तर देण्यास बांधील आहे काय?

शासन या देवळात उगाच आले नाही. अस्पृश्य बांधवांना विठ्ठलाचे दार उघडावे, यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत कारभाराविषयी भक्तांच्या तक्रारी होत्याच. नाडकर्णी आयोगाने चौकशी केली, १९७३ च्या कायद्याने ते हक्क संपुष्टात आणले आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याच्या बाजूने कौल दिला. पुढे मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून, स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. हे श्रेय शासनाला हातचे न राखता दिले पाहिजे. समाजाने जे स्वतः होऊन करायचे ते केले नाही, म्हणून कायद्याला करावे लागले.

पण दोष दूर करण्यासाठी आलेल्याने मुक्काम किती करावा? कंपनी सरकार मंदिरांची व्यवस्था पाही आणि जगन्नाथपुरी, गया, प्रयाग येथे यात्रेकरूंकडून करही घेई. तो कर १८४० मध्ये रद्द झाला आणि १८६३ च्या कायद्याने सरकारने मंदिरांच्या कारभारातून अंग काढून घेतले. त्यामागे हिंदूंविषयीचा आदर नव्हता. मूर्तिपूजेशी ख्रिस्ती सरकारचा संबंध नको, हा मिशनऱ्यांचा हट्ट होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने वेगळा पाया घातला. अनुच्छेद २६ नुसार धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्मविषयक बाबींचा कारभार पाहण्याचा अधिकार आहे. मालमत्तेची व्यवस्था मात्र कायद्याला धरून करावी लागते. शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा आखली. सरकारी अधिकाऱ्याला मठात वाटेल तेव्हा शिरण्याचा अधिकार देणारे कलम न्यायालयाने अमान्य केले. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या प्रकरणात तर ते आणखी पुढे गेले : गैरव्यवस्थेमुळे शासनाने कारभार हाती घेतला, तरी तो मर्यादित काळापुरताच, दोष निवारण झाला की परत सोपवावा.

चिदंबरमचा हा निकालही जानेवारी २०१४ चाच! पंढरपूरला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. येथे जुने हक्कच संपले आहेत. परत द्यायचे तर कोणाला? बडव्यांना देण्याची मागणी कोणी वारकरी करणार नाही. फडकरी, दिंडीकरी आणि सामान्य माळकरी यांच्यातून विश्वस्त मंडळ उभे राहू शकते. पण त्यांची निवड कशी व्हावी, यावर संप्रदायातच मोकळी चर्चा अद्याप व्हायची आहे.

ती होईपर्यंत समिती नेमण्याचा अधिकार शासनाकडे राहील. सत्तेवर कोणताही पक्ष असो, या खुर्च्या कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी नसतात. देवाच्या पेटीत किती आले, कशावर खर्चले, जमिनीचा खंड कोणाकडे थकला, याचा हिशेब सोप्या मराठीत लिहून दर्शनमंडपाच्या भिंतीवर लावावा. रांगेत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला तो वाचायला वेळ पुष्कळ असतो.