टाइमशेअर : बुकिंगचा नियम आधी, किंमत नंतर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. "बाबा, इथे टाइमशेअर घेऊ का?" असा फोन येतो आणि आपण लगेच विचारतो, "केवढ्याला?" बँकेत उभी नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, पहिला प्रश्न असा हवा : "बुकिंग किती महिने आधी उघडतं, आणि कुणासाठी?"

पॉइंट्सवर चालणाऱ्या योजनेत ठरावीक तारखेची खोली आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते. आपण घेतो तो रांगेतला नंबर.

उदाहरण घ्या. नातवंडांना नाताळची सुट्टी आहे, २४ डिसेंबरला खोली हवी. डिस्ने व्हेकेशन क्लबमध्ये ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स घेतले, ते आपलं 'होम रिसॉर्ट'. तिथलं बुकिंग ११ महिने आधी, म्हणजे २४ जानेवारीला उघडतं. क्लबच्या इतर रिसॉर्टसाठी ७ महिने, म्हणजे २४ मे. मधले चार महिने फक्त तिथल्या मालकांचे. विंडहॅममध्ये हेच अंतर १३ आणि १० महिन्यांचं. हिल्टनच्या मूळ क्लबमध्ये स्वतःच्या आठवड्यासाठी १२ ते ९ महिने आधीचा काळ, त्यानंतर बाकीच्या सभासदांनाही दार खुलं.

आता बघा, "आमची कितीतरी रिसॉर्ट्स आहेत" असं विक्रेता सांगतो ते खोटं नसतं. पण गर्दीच्या दिवसांत आपला खरा हक्क एकाच रिसॉर्टवर. म्हणून जिथे दरवर्षी जायचं आहे, तिथलेच पॉइंट्स घ्यावेत. जुने पॉइंट्स दुसऱ्याकडून स्वस्तात मिळाले तरी अटी वाचाव्यात. डिस्नेच्या २०१९ साली सुरू झालेल्या रिव्हिएरा रिसॉर्टचे असे पॉइंट्स फक्त रिव्हिएरातच चालतात.

आपल्याकडे क्लब महिंद्रात जांभळा, लाल, पांढरा, निळा असे हंगाम आहेत. पांढऱ्या हंगामाच्या सभासदाला जांभळ्या हंगामातली खोली हक्काने मागता येत नाही. म्हणजे इथे महिन्यांच्या जोडीला रंगही बघायचा.

आणि मेंटेनन्स! कुलूपबंद फ्लॅटचाही मेंटेनन्स आपण भरतोच ना? तसंच तिथेही. खोली मिळो न मिळो, वार्षिक शुल्क चुकत नाही. मुदत ठेव मोडता येते, हा करार सहज मोडता येत नाही. फ्लोरिडात सही केल्यापासून रद्द करायला १० दिवस मिळतात. ते दिवस कागद वाचण्यात घालवावेत.

माझं म्हणणं एवढंच. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या आणि वर्षभर आधी रजा ठरवू न शकणाऱ्या मुलांनी यात पैसे अडकवण्यापूर्वी दहादा विचार करावा. आपण निवृत्त मंडळी मात्र गर्दी ओसरल्यावरही जाऊ शकतो. त्यासाठी लाखो रुपये गुंतवायची गरज नाही, साधं हॉटेल पुरतं.

पुढचा फोन आला की हे जरूर विचारा.