स्वतंत्र कारागीर आणि त्याचे विवरणपत्र
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, संस्कार किंवा संघटन यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही घेतलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आपल्या सुतार बांधवाने आयकराचे विवरणपत्र कसे सिद्ध करावे, हा तो विषय होय. आम्ही वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. मॅट्रिक झालेले आणि जन्मभर मुलांस अंकगणित शिकविलेले एक शिक्षक आहोत. सेवानिवृत्तीनंतर भाच्याचे विवरणपत्र भरता भरता जे ध्यानात आले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा विषय का घेतला, ते प्रथम सांगतो. आमच्या शेजारी एक तरुण कारागीर राहत असे. पुण्याकडे गृहसजावटीची कामे घेई. हात असा की दाराच्या सांध्यात केस जाऊ नये. महिना पस्तीस-चाळीस हजार रुपये घरी येत. २०१९ साली रस्त्यावरील अपघातात तो गेला. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याच्या पत्नीस विचारण्यात आले, यजमानांचे उत्पन्न किती? सूनबाईंनी खरे ते सांगितले. पण कागद एकही नव्हता. मजुरी रोखीची, पावती नाही, विवरणपत्र कधी भरलेले नाही. ज्याच्याकडे तो वर्षानुवर्षे काम करी, तो ठेकेदार साक्षीस आला नाही. अखेर महिना दहा हजार रुपये उत्पन्न धरून भरपाई ठरली. अशा दाव्यांत न्यायालये विवरणपत्रास उत्पन्नाचा भक्कम पुरावा मानतात. मात्र ते अपघातापूर्वी भरलेले असावे लागते. मागाहून भरलेल्या कागदास ते वजन राहत नाही.

त्या दिवसापासून आमचे मत बनले की, विवरणपत्र हा केवळ कर भरण्याचा कागद नव्हे. तो आपल्या कष्टाचा दाखला आहे. नोकरदारास हा दाखला त्याचा मालक देतो. स्वतंत्र कारागिरास तो स्वतःच सिद्ध करावा लागतो.

आपल्या वाडवडिलांस याची गरज नव्हती. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान मानाचे होते. नांगर, पाभर, मोट आणि गाडी यांची वर्षभर दुरुस्ती करावी आणि सुगीस खळ्यावर बलुते घ्यावे, अशी रीत होती. त्या व्यवहारास सारा गाव साक्षी असे. आज आपली मुले परक्या शहरात, परक्या माणसाच्या घरात, फुटावर मजुरी ठरवून काम करतात. तेथे साक्षी कोण? म्हणून वही हवी.

ही वही अगदी साधी असावी. डाव्या पानावर जमा : कोणाचे काम, कोणत्या तारखेस, किती मिळाले, रोख की बँकेतून. उचल घेतली असल्यास तीही त्याच दिवशी लिहावी. उजव्या पानावर खर्च : प्लायवुड, सनमायका, खिळे-स्क्रू, मदतनिसांची मजुरी, टेम्पोभाडे, हत्यारांची दुरुस्ती. मजुरीवरचे काम आणि मालासकट घेतलेले काम यांची नोंद वेगळी ठेवावी. नाहीतर गिऱ्हाइकाने मालासाठी दिलेले पैसे कमाईच आहेत, असा भ्रम आपल्याला आणि इतरांनाही होतो. धंद्यासाठी बँकेत एक स्वतंत्र खाते असले, तर निम्मा हिशेब आपोआप होतो.

आता करकपातीचा विचार करू. एखादी कंपनी किंवा मोठी उलाढाल असलेला ठेकेदार आपल्याला पैसे देतो, तेव्हा व्यक्तीच्या बाबतीत तो शेकडा १ रुपया कापून सरकारात भरतो. यासच टीडीएस म्हणतात. ठेकेदारांच्या देयकावरील ही कपात १९७२ सालापासून चालत आली आहे. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांहून किंवा वर्षाची बेरीज १,००,००० रुपयांहून अधिक झाली की ती लागू होते. पॅन क्रमांक दिला नाही, तर हीच कपात शेकडा २० होते. आपल्यातील एका तरुणाच्या २,४०,००० रुपये मजुरीतून अशा रीतीने ४८,००० रुपये गेले आणि ते त्याच्या नावे जमाही झाले नाहीत. पॅन द्यावयास विसरणे इतके महाग पडते.

कापलेली रक्कम आपल्या नावे जमा झाली की नाही, हे फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण या दोन उताऱ्यांत दिसते. दोन्ही आयकर विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. विवरणपत्र भरण्यापूर्वी ते वहीशी ताडून पाहावेत. तफावत दिसल्यास पैसे देणाऱ्याकडून दुरुस्ती करून घ्यावी.

लहान धंदेवाल्यांसाठी कायद्याने अनुमानित उत्पन्नाची सोय ठेवली आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमात ती कलम ४४ एडी मध्ये आहे. वर्षाची उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न दाखविता येते. यासाठी ‘सुगम’ नावाचे विवरणपत्र क्रमांक ४ आहे. मात्र ज्यांचे शेतीचे उत्पन्न वर्षास ५,००० रुपयांहून अधिक आहे, त्यांना सुगम चालत नाही. त्यांनी क्रमांक ३ वापरावे. गावी जमीन असलेल्या बांधवांची चूक बहुधा येथेच होते. आपल्या ज्या मुलामुलींनी गृहसजावटीचे शिक्षण घेतले आहे आणि जे आराखड्याचे शुल्क घेतात, त्यांची गणना व्यावसायिकांत होते. त्यांच्यासाठी कलम ४४ एडीए असून किमान ५० टक्के उत्पन्न दाखवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. एका कारागिराची वर्षाची जमा ९,००,००० रुपये; पैकी ६,००,००० बँकेतून, ३,००,००० रोख. माल २,००,०००, मदतनिसांची मजुरी २,४०,०००, भाडे व इतर ४०,०००. हाती राहिले ४,२०,०००. अनुमानाने किमान उत्पन्न येते ३६,००० अधिक २४,०००, म्हणजे ६०,००० रुपये. सल्लागार म्हणतो, “साठ हजारच दाखवा.” बंधूंनो, येथे थांबावे. ८ आणि ६ टक्के हा कमीत कमी आकडा आहे; खरी कमाई अधिक असेल, तर तीच दाखवावयाची असते. शिवाय भय कशाचे? २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे या कारागिरास ४,२०,००० दाखवूनही कर पडत नाही. उलट बँकेतून आलेल्या सहा लाखांवर शेकडा १ प्रमाणे कापलेले ६,००० रुपये परत मिळतात. साठ हजार दाखविणाऱ्यास मात्र उद्या घरासाठी कर्ज कोणत्या तोंडाने मागता येईल? आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर त्याच्या कुटुंबास महिना पाच हजारांच्या कमाईचा दाखला मिळेल.

याउलट खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणारे दलालही भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. सही आपली असते आणि चुकविलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंडही आपल्यालाच होतो. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द कोणाच्या हाती देऊ नये.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. पॅन आधारशी जोडलेले असावे. कापलेली रक्कम वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर निघत असेल, तर अनुमानित पद्धतीत तो सर्व १५ मार्चपर्यंत अग्रिम भरावा. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी पूर्ण करावी. एरवी ते भरलेच नाही असे होते. मुदतीची तारीख दरवर्षी स्वतः पाहावी. २०२५ साली ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि पुढे आणखी एक दिवस वाढली. नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; तथापि २०२५-२६ चे विवरण जुन्या अधिनियमानेच भरावयाचे आहे. कायदा कोणताही असो, वहीची गरज बदलत नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. उन्हाळ्यातील दोन रविवारी आपल्या कार्यालयात एक मेज मांडावे. वाणिज्य शाखेत शिकणारी आपली मुले-मुली तेथे बसतील, आम्हीही बसू. बांधवांनी वही, बँकेचे पुस्तक आणि पॅन घेऊन यावे. आणि विवरणपत्राची एक छापील प्रत घरातील ज्या पेटीत दागिने असतात, त्या पेटीत ठेवावी व पत्नीस ती जागा दाखवून ठेवावी. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी त्या वेळी सारी पेटी उलथून पाहिली होती. तीत लग्नपत्रिका होती, हत्यारांची यादी होती. पण वर्षाला किती कमावले, हे सांगणारा कागद नव्हता. आपल्यापैकी कोणाच्याही घरी असा प्रसंग पुन्हा न येवो, एवढीच इच्छा आहे.