जनावराच्या अंगावर अचानक गांधी उठल्या तर

लाळ्या-खुरकुताची लस टोचून डॉक्टर फटफटीवरून निघून जातात, आणि अर्ध्या तासात गाय खांबाला अंग घासू लागते. पापण्या सुजतात, मानेवर, कासेवर रुपयाएवढ्या गांधी उठतात. म्हातारी माणसं म्हणतात, पित्त उठलं. डॉक्टर यालाच ॲलर्जी म्हणतात. लस, पेनिसिलिनचं इंजेक्शन, मधमाशीचा डंख, कधी नवं खाद्य. काहीतरी त्या एका जनावराला मानवत नाही. शेजारच्या गाईला त्याचं काहीच होत नाही.

२०२२ सालच्या लम्पीच्या साथीनंतर गाठ दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. पण लम्पीत ताप असतो, गाठी टणक असतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. गांधी बघता बघता उठतात, मऊ लागतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत बसतात.

नुसत्या गांधींनी जनावर दगावत नाही. भीती श्वासाची. गाय-बैल मान ताणून, तोंड उघडं टाकून धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला, पाय लटपटले, तर घटकाभरही थांबू नका. राखणीच्या कुत्र्याची तऱ्हा वेगळी. गांधीलमाशी चावली की थोबाड सुजतं, ते एकवेळ चालेल. पण उलट्या, हगवण सुरू झाली आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, तर जिवावरचं समजा. डॉक्टरांचं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच उपाय. १९६२ या क्रमांकावर फोन करा. म्हणून म्हणतो, लस टोचल्यावर डॉक्टरांना चहाला बसवा. तेवढाच अर्धा तास ते गोठ्यापाशी राहतील.

मधमाशीचा काटा नखानं लगेच खरवडून काढावा, वर गार पाण्याची फडकी ठेवावी. दम लागलेल्या जनावराला नळीनं तेल, काढा काही पाजू नये. ते फुफ्फुसात उतरतं. घरातल्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं. ज्या औषधानं त्रास झाला त्याचं नाव मात्र लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी आधी सांगा.

जर्सी गाईंत एक नवल दिसतं. धारेला उशीर झाला किंवा आटवताना कास तटतटली, की काहींना स्वतःच्याच दुधाची ॲलर्जी होते. तिथं आधी धार काढून कास मोकळी करायची आणि मग डॉक्टरांना बोलवायचं. हा दोष वंशातून उतरतो, तेव्हा तिच्या कालवडीवरही नजर ठेवा, आणि अशी गाय आटवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.