कानातली नागीण आणि माझं वाकडं हसू

मी गंगाखेडहून बोलतोय. ऐकता ऐकता एक काम करा. दोन्ही भुवया वर उचला, डोळे घट्ट मिटा, मग दात दाखवून हसा. जमलं? दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मला यातलं काहीच जमत नव्हतं. म्हणजे उजव्या बाजूनं.

चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा जणू दुसऱ्याच कुणाचा. उजवा डोळा मिटेना. वडील म्हणाले, "तोंडावरून वारं गेलंय." आजी रडायला लागली, "लेकराचं ललिता पवारसारखं झालं की!"

आजीचं अगदीच चूक नव्हतं. येवल्याच्या ललिता पवार यांना 1942 साली शूटिंगमध्ये जोरात थप्पड बसली आणि त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला, डोळा कायमचा बारीक झाला. पण मला तर कुणी मारलं नव्हतं! फक्त दोन दिवसांपासून उजवा कान ठणकत होता. मला वाटलं, कानात मळ असेल.

शेजाऱ्यांनी एका गावाचं नाव सांगितलं, तिथं लकव्याचं औषध देतात म्हणे. गेलो. पाला चोळला, पथ्य सांगितलं, "तीन दिवसांनी या." ते तीन दिवस मी घरात बसून काढले. परभणीला डॉक्टरांकडे पोचलो तो पाचवा दिवस होता.

डॉक्टरांनी आधी भुवया उचलायला लावल्या. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं, गाल तेवढा पडतो. माझं कपाळही पडलं होतं, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या नसेत. मग त्यांनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाले, "ही बघा, पाण्याचे बारीक फोड. ही कानातली नागीण आहे."

मी चाटच पडलो. आपल्याकडे नागीण म्हणजे पोटावर, पाठीवर. तिचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, असंही सांगतात. ते खोटं आहे. खरं असं: लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण तो विषाणू शरीरातून जात नाही. नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की जागा होतो. चेहऱ्याची नस कवटीच्या हाडातल्या अरुंद बोळातून कानाजवळून येते. तिथं सूज आली की नस दाबली जाते. या आजाराचं नाव रॅमसे हंट सिंड्रोम. जून 2022 मध्ये जस्टिन बीबरनं अर्धा चेहरा हलत नसलेला व्हिडिओ टाकला होता ना, तोच हा आजार. फोड नसतील आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. ती जास्त लोकांना होते आणि बरीही जास्त होते.

मला विषाणूविरोधी गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "रविवारीच यायचं होतं." नंतर मला कळलं, का. 1997 मध्ये जपानमधल्या 80 रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. तीन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी 75 टक्के पूर्ण बरे झाले. सात दिवसांनंतर सुरू केलेल्यांपैकी फक्त 30 टक्के. मी मधला.

सगळ्यात जास्त जपावं लागलं डोळ्याला. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं, जखम होते. दिवसा दर तासा-दोन तासाला थेंब आणि गॉगल, रात्री मलम घालून पापणीवर चिकटपट्टी.

मी मोबाइलच्या दुकानात काम करतो. प, फ, ब ओठांतून निघेनात. 'बॅटरी' म्हणताना हवाच निघून जायची. गिऱ्हाईक दुसऱ्या पोराकडे वळायचं. मी महिनाभर मास्क लावून बसलो. यूट्यूबवर बघून जोरजोरात तोंडाचे व्यायामही केले. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ते बंद करायला लावले. आरशासमोर, सावकाश, थोडं थोडं, असं शिकवलं.

सातव्या आठवड्यात भुवई किंचित हलली. आजीनं पेढे वाटले! आज बोलणं नीट आहे. पण हसलो की उजवा डोळा आपोआप अर्धा मिटतो. नस पुन्हा वाढताना काही धागे चुकीच्या स्नायूला जोडले जातात, त्यामुळं असं होतं. फोटोत मी आता बाजूला तोंड करत नाही.

तर मंडळी, कुणाचं तोंड वाकडं दिसलं तर भुवयांची परीक्षा घेऊन घरी निदान करत बसू नका. ते डॉक्टरचं काम. हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं तर लगेच 108 ला फोन. नाहीतर त्याच दिवशी दवाखाना. कान दुखत असेल, फोड असतील, तर ते आपण होऊन सांगा. स्टेरॉइड मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेऊ नका, शुगर असेल तर अजिबात नाही. आणि पाला चोळायचाच असेल तर दवाखान्यातून आल्यावर चोळा, आजीचंही मन राहील.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!