भोळा प्रेक्षक नावाची अफवा



बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, तंजावर... मराठी माणूस कुठे कुठे जाऊन राहिलाय! आजच्या बोलण्यात अनेक गावांची नावं येतील. त्यातलं एखादं तुमचंही असेल. विषय आहे पडदा आणि सत्ता. सिनेमातले, मालिकांमधले चेहरे निवडणुकीत उतरतात, सरकारं येतात-जातात, चेहरेही काळाच्या पडद्याआड जातात. या सगळ्यात एक समजूत मात्र हलत नाही. ती अशी की आपला प्रेक्षक भोळा आहे. त्याला जे दाखवाल ते तो खरं मानतो, आणि जो दाखवाल त्याला मत देतो.

या समजुतीचे दोन ग्राहक आहेत. एक बंदी घालणारा आणि दुसरा प्रचाराला नट आणणारा. दोघांचं गणित एकच. पडदा ताब्यात आला की माणूस ताब्यात आला. हे गणित कितपत जुळतं, ते आज पाहू.

सुरुवात आणीबाणीपासून करू. किशोरकुमार यांनी वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी सहकार्य करायला नकार दिला. मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. 'आंधी' त्याआधी १९७५ मध्ये प्रदर्शित झाला होता. तो चालू असताना थिएटरांतून काढला गेला, कारण नायिकेत लोकांना इंदिरा गांधी दिसत होत्या. आता मला सांगा, किशोरकुमारांचं गाणं लोक विसरले का? आणि 'आंधी' आज कुणाला माहीत नाही?

याच काळातला १९७७ चा किस्सा मला फार आवडतो. निवडणुका जाहीर झाल्या होत्या. जगजीवनराम नुकतेच काँग्रेसमधून बाहेर पडले होते. रविवार, ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची आणि जयप्रकाश नारायण यांची सभा ठरली. त्या संध्याकाळी दूरदर्शनवर लागला 'बॉबी'. १९७३ चा तुफान गाजलेला सिनेमा, आणि तोही घरबसल्या, फुकट! सभेला गर्दी होऊ नये म्हणूनच तो लावला, असं तेव्हाही बोललं गेलं आणि पुढे इतिहासकारांनीही लिहिलं. पण मैदान भरलं. बाबूंनी बॉबीला हरवलं, अशी मथळ्याची गंमत वर्तमानपत्रांनी केली. मार्चमध्ये सरकार पडलं. 'बॉबी' लोकांना तेव्हाही आवडत होता आणि नंतरही आवडत राहिला. त्या संध्याकाळी त्यांना दुसरं काम होतं, एवढंच.

आता अलाहाबादला चला. तिथे अवघ्या चार वर्षांत दोन लढती झाल्या.

डिसेंबर १९८४. काँग्रेसतर्फे अमिताभ बच्चन उभे राहिले. समोर हेमवतीनंदन बहुगुणा, उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, मुरलेले राजकारणी. अमिताभ पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. सगळे म्हणाले, बघा, पडद्याची जादू! पण ती निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दोन महिन्यांत झाली होती आणि काँग्रेसने देशभर चारशेच्या वर जागा जिंकल्या होत्या, हे त्या जल्लोषात बाजूला पडलं.

१९८७ मध्ये बोफोर्सच्या गदारोळात अमिताभ यांनी राजीनामा दिला. जून १९८८ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसतर्फे लालबहादूर शास्त्रींचे चिरंजीव सुनील शास्त्री, आणि समोर अपक्ष विश्वनाथ प्रताप सिंह. काँग्रेसच्या प्रचाराला कोण आलं? अरुण गोविल. त्या वेळी 'रामायण' मालिका अजून चालू होती. जानेवारी १९८७ ला सुरू झालेली ती मालिका जुलै १९८८ ला संपली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. लोक टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. ज्याला लोक रस्त्यात वाकून नमस्कार करत होते, तोच राम मतं मागायला दारात आला होता. भोळेपणाची याहून मोठी परीक्षा कुठली असणार?

विश्वनाथ प्रताप सिंह मोठ्या फरकाने निवडून आले.

टीव्हीसमोर उदबत्ती लावणारी माणसं आणि मतपत्रिकेवर शिक्का मारणारी माणसं वेगळी नव्हती. रविवारी सकाळी भक्ती केली आणि मतदानाच्या दिवशी हिशेब केला. यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, पण जिंकलेलेही आहेत ना? आहेतच. १९९१ मध्ये भाजपकडून बडोद्यात सीता, म्हणजे दीपिका चिखलिया, आणि साबरकांठ्यात रावण, म्हणजे अरविंद त्रिवेदी, लोकसभेवर गेले. 'महाभारत'मधले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरहून जिंकले आणि १९९९ मध्ये मध्य प्रदेशातल्या राजगढला हरले. कृष्ण तोच होता, गाव आणि वारं बदललं होतं. स्वतः अरुण गोविल २०२४ मध्ये भाजपतर्फे मेरठहून निवडून आले, तेही जेमतेम साडेदहा हजार मतांनी. प्रसिद्ध चेहरा वाऱ्यावर स्वार होतो. वारा निर्माण करणं बहुतेकांना जमत नाही.

दक्षिणेत जमलं, हे खरं. एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढला आणि नऊ-दहा महिन्यांत ते मुख्यमंत्री झाले. पण त्यामागे तेलुगू अस्मितेचा प्रश्न होता, दिल्लीहून वारंवार बदलल्या जाणाऱ्या मुख्यमंत्र्यांचा राग होता. एम. जी. रामचंद्रन यांच्या मागे द्रविड चळवळीत घालवलेली वर्षं होती. नाहीतर शिवाजी गणेशन यांच्यापेक्षा मोठा नट कोण? ते १९८९ मध्ये स्वतःचा पक्ष घेऊन तंजावरजवळच्या तिरुवैयारूत उभे राहिले, आणि हरले. आणि रजनीकांत, म्हणजे जन्माने शिवाजीराव गायकवाड, यांनी २०१७ च्या अखेरीस पक्ष काढणार म्हणून जाहीर केलं आणि २०२० च्या अखेरीस प्रकृतीचं कारण देऊन माघार घेतली. चाहत्यांचं प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही.

मग नट गेल्यावर लोक काय आठवतात? सुनील दत्त घ्या. वायव्य मुंबईतून पाच वेळा खासदार झाले. १९८७ मध्ये पंजाब पेटलेला असताना ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. २००५ मध्ये केंद्रीय मंत्री असतानाच वारले. विनोद खन्ना २०१७ मध्ये गेले, तेव्हा गुरुदासपूरची माणसं त्यांच्या सिनेमांइतकीच त्यांनी बांधून घेतलेल्या पुलांबद्दल बोलत होती. दुसरीकडे, २००४ मध्ये गोविंदा यांनी उत्तर मुंबईत राम नाईकांसारख्या केंद्रीय मंत्र्याला हरवलं, आणि २००९ मध्ये ते उभेच राहिले नाहीत. प्रेक्षक दोन वह्या ठेवतो. एकीत अभिनय लिहितो, दुसरीत काम.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. १९८८ मध्ये देशाला एकच वाहिनी होती. ती सरकारची होती, ही वाईटच गोष्ट. पण पाहणं सगळ्यांचं एकत्र होतं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी आळी जमायची, आणि भाग संपला की ओट्यावर चर्चा व्हायची. कुणीतरी शंका काढायचं, कुणीतरी टिंगल करायचं. माणसं शहाणी होती ती अशी, चारचौघांत बोलून. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं, तेव्हा घराघरांत ते एकत्र बसणं थोडे दिवस परत आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अरविंद त्रिवेदी गेले, तेव्हा लोकांना रावणाबरोबर ते रविवारही आठवले.

आज पडदा खिशात आहे. मला जी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते ती शेजाऱ्याला येत नाही. कुणी कापली, कुणी पैसे दिले, कळत नाही, आणि शंका काढायला बाजूला कुणी नसतं. प्रेक्षक आजही भोळा नाही, पण तो एकटा पडलाय. एकट्या माणसाला फसवणं सोपं असतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आवडत्या नटावर मनापासून प्रेम करा. तो गेला तर डोळे पुसा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो उमेदवार म्हणून आला, तर इतरांना विचारता तेच त्यालाही विचारा. निवडून आल्यावर सभागृहात किती दिवस आला, काय बोलला, याची नोंद लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ती पाहा. आणि जे पाहिलं त्यावर घरात, शेजारी, कचेरीत चार माणसांशी बोला. पटलं नाही तर भांडा.

आजचा भागही एकट्याने ऐकला असेल, तर कुणाला तरी बोलावून पुन्हा लावा.