प्रथम भाषा सोडावी काय?

आठवीच्या प्रवेशाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक मराठी घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाने मराठी प्रथम भाषा म्हणून घ्यावी, की इंग्रजी प्रथम, कन्नड द्वितीय घेऊन मराठी तिसऱ्या स्थानी ठेवावी? प्रथम भाषेत व्याकरण, निबंध, जुने काव्य यांचा भार अधिक. तिसरी भाषा त्या मानाने हलकी.

हा प्रश्न पोकळ नाही. येथे कन्नड उत्तम आल्यावाचून राज्य सरकारची नोकरी दूर राहते, कचेरीतले साधे कामही अडते. 2015 च्या कायद्याने कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकणे टप्प्याटप्प्याने आवश्यक केले. प्रथम भाषा कोणती, हा वादही जुनाच. संस्कृतला ते स्थान असावे काय, या वादातून 1980 साली विनायक कृष्ण गोकाक यांची समिती नेमली गेली होती.

तरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तिसऱ्या भाषेच्या तासाला मूल वाचावयास शिकते. प्रथम भाषेच्या तासाला ते आपला विचार मांडावयास शिकते. मांडण्याची ही शक्ती एका भाषेत आली की दुसरीतही उपयोगी पडते. मराठी आणि कन्नड या तर शेजारणी. दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडातूनच घेतले. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी; 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला तो कन्नड काव्यासाठी. मराठीतही त्यांनी लेखन केले.

म्हणून पहिल्या चाचणीचे गुण पाहून निर्णय करू नये. आधी तीन गोष्टी तपासाव्यात. मूल आपण होऊन मराठी पुस्तक हाती घेते काय? घरी त्याच्यासह वाचणारे कोणी आहे काय? आणि भार हलका केल्याने वाचणारा वेळ नेमका कशास लागणार? कन्नड खरोखरच कच्चे असून तो वेळ त्यास मिळणार असेल, तर मराठी तिसरी ठेवण्यात अपराध नाही; मात्र घरचे वाचन सुटू देऊ नये. परंतु ‘अवघड जाते’ एवढेच कारण असेल, तर एक वर्ष धीर धरावा. आठवीत खाली उतरलेल्या मुलाला दहावीत पुन्हा वर चढणे कठीण जाते.

आणि हा विचार करताना मुलाला शेजारी बसवून घ्यावे. शिकावयाचे आहे ते त्यालाच.