वाल्ड यांची चाचणी आणि पंचांगाचा रकाना



१३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरांत एक विमान कोसळले. त्यात अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी होत्या. वाल्ड हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. व्याख्यानांच्या दौऱ्यावर भारतात आले होते. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यांच्या नावाची एक चाचणी मात्र आजही रोज चालते आणि ती चालवणाऱ्या बहुतेकांना वाल्ड कोण हे ठाऊक नसते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये एखादा विक्री-व्यवस्थापक ‘की इन्फ्लुएन्सर्स’ हा आलेख उघडतो आणि ‘ग्राहक कमी गुण का देतात?’ असे विचारतो. उत्तराच्या यादीत कोणता घटक घ्यायचा आणि कोणता गाळायचा, हे त्या वेळी पडद्याआड वाल्ड यांची चाचणी ठरवते.

आजचा विषय आहे आकड्यांतून आपोआप निघणारे निष्कर्ष. सॉफ्टवेअर कंपन्या त्यांना ‘इनसाइट्स’ म्हणतात आणि आता आपली ऑफिसेही तेच म्हणू लागली आहेत.

व्यापाराचे आकडे चित्रात मांडण्याची कला जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. १९७७ मध्ये जॉन ट्युकी यांनी आकड्यांशी आधी मोकळेपणाने खेळा, मग सिद्धांत मांडा, हा विचार पुस्तकरूपाने रुजवला. पण प्लेफेअर काय आणि ट्युकी काय, आलेखाकडे बघणारा माणूसच होता. हे गेल्या दहा वर्षांत बदलले. पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि लवकरच त्यात ‘क्विक इनसाइट्स’ आले. टॅब्लो या तशाच सॉफ्टवेअरने २०१९ मध्ये ‘एक्स्प्लेन डेटा’ आणले. एक्सेलमध्येही आता ‘अॅनालाइझ डेटा’ हे बटण दिसते.

बटण दाबल्यावर होते काय? क्विक इनसाइट्स तुमच्या तक्त्याचे तुकडे पाडते: शाखेनुसार, मालानुसार, महिन्यानुसार. प्रत्येक तुकड्यात ते ठरावीक नमुने शोधते. एखादी शाखा बाकीच्यांहून फार पुढे किंवा मागे आहे का? कल कुठे अचानक वळला आहे का? दोन आकडे एकत्र चढतात-उतरतात का? दर वर्षी ठरावीक काळात तेच घडते का? हा शोध नेमून दिलेल्या वेळात उरकतो आणि समोर जास्तीत जास्त बत्तीस कार्डे येतात. बारा शाखा, चाळीस प्रकारचा माल आणि छत्तीस महिने धरले, तर १७,२८० खाने होतात. इतके खाने कोणताही हिशेबनीस डोळ्यांनी तपासणार नाही. एखाद्या दूरच्या शाखेत एकाच मालाची विक्री मार्चपासून घसरत असेल, तर ते यंत्राच्या नजरेतून सहसा सुटत नाही. ही मदत खरी आहे आणि छोट्या धंद्याला तर ती मोठ्या पगाराच्या विश्लेषकाविना मिळते.

अडचण पुढे आहे. वीस रकान्यांच्या तक्त्यात दोन-दोन रकान्यांच्या १९० जोड्या होतात. केवळ योगायोगाने तसे नाते दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर ते खरे मानायचे, हा संख्याशास्त्रातला नेहमीचा उंबरठा. या रकान्यांत काडीचाही संबंध नसला, तरी नऊ-दहा जोड्या तो उंबरठा ओलांडून आत येतील. कार्डावर तीच नऊ-दहा नाती झळकतात. उरलेल्या १८० जोड्या तपासून टाकून दिल्या, हे तिथे लिहिलेले नसते. माणसाची नजरही याला अपवाद नाही. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आकडे आलेखांतून धुंडाळायला दिले होते. त्यांनी नोंदवलेल्या निष्कर्षांपैकी साठ टक्क्यांहून अधिक चुकीचे निघाले. माणूस थकतो, कंटाळतो, म्हणून त्याच्या चुकांना मर्यादा तरी असते. यंत्र थकत नाही.

दुसरी गफलत अधिक फसवी आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी आलेल्या अर्जांचे आकडे प्रसिद्ध आहेत. ८,४४२ पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि ४,३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. हाच तक्ता आजच्या सॉफ्टवेअरला दिला आणि त्यात विभागाचा रकाना नसला, तर ‘प्रवेशावर लिंगाचा प्रभाव’ असे कार्ड हमखास येईल. मात्र संशोधकांनी विभागवार आकडे मांडले तेव्हा चित्र पालटले. सर्वात मोठ्या सहा विभागांपैकी चारांत स्त्रियांच्या प्रवेशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. एका विभागात तर स्त्रियांचे ८२ टक्के आणि पुरुषांचे ६२. स्त्रियांनी अर्ज प्रामुख्याने अशा विभागांत केले होते, जिथे कोणालाच सहजी प्रवेश मिळत नव्हता. विभागाचा रकाना असला तर यंत्र कदाचित तिथपर्यंत पोचेल. नसला, तर तो हवा आहे हे त्याला कोण सांगणार?

इथे वाल्ड पुन्हा आठवतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापुढे प्रश्न होता तो परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा. वाल्ड यांनी हिशेब मांडला तो न परतलेल्या विमानांचा. परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर खुणा कमी, तिथे मार बसलेली विमाने बहुधा परतलीच नाहीत. म्हणून चिलखताची गरज तिथे. आपल्याकडच्या ग्राहक-सर्वेक्षणांचे हेच होते. फॉर्म भरतो तो टिकून राहिलेला ग्राहक. रागावून शेजारच्या दुकानात गेलेला माणूस तक्त्यात येतच नाही. सॉफ्टवेअरने वाल्ड यांची चाचणी उचलली. वाल्ड यांचा प्रश्न विचारण्याचे काम माणसाकडेच राहिले.

तक्त्यात नसलेली गोष्ट किती महागात पडते, हे २०२० मध्ये इंग्लंडने पाहिले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करताना एक्सेलची जुनी फाइल-पद्धत वापरली गेली. तिच्या एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. उरलेले गळाले आणि सप्टेंबरअखेरच्या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. त्या काळात आलेखावर दिसणारी रेषा कोणत्याही यंत्राला निर्दोषच वाटली असती. फायलीला ओळींची मर्यादा आहे, हे ती रेषा सांगत नाही.

आपल्या बाजारपेठेतही असे न दिसणारे रकाने आहेत. गणेशचतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आली आणि २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक श्रावण होता. मिठाई, फुले, मखर, पूजासाहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानाने ‘गेल्या वर्षीचा हाच महिना’ अशी तुलना लावली, तर २०२३ च्या ऑगस्टवर घसरणीचे कार्ड येणार आणि सप्टेंबरवर भरभराटीचे. धंद्यात मात्र काहीच बिघडलेले किंवा सुधारलेले नसते. दिवाळीचेही तेच. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. श्रावणात कोंबडी आणि मासळीचा खप उतरतो, पण हा श्रावण इंग्रजी महिन्यांवर दर वर्षी वेगळ्या जागी बसतो. शिवाय पॉवर बीआय स्वतःहून तारखांची जी विभागणी करते, तिची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च. आपल्या सीएच्या लेखी पहिली तिमाही एप्रिलला सुरू होते. एकाच बैठकीत दोघे ‘पहिली तिमाही’ म्हणतात आणि वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलतात.

आता या कार्डांना भाषाही आली आहे. टॅब्लोने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पल्स’ बाजारात आणले. आकड्यांतला बदल ते सफाईदार वाक्यांत लिहून देते. मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ तेच करतो. वाक्य जितके घोटीव, तितका वाचणाऱ्याचा संशय कमी होतो. टॅब्लोची स्वतःची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की ‘एक्स्प्लेन डेटा’ नाती दाखवते, त्यांमागचे कारण सांगू शकत नाही. व्यवस्थापकांच्या बैठकीत ही तळटीप कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून कार्ड हाती आल्यावर चार गोष्टी कराव्यात. ते किती नोंदींवर उभे आहे ते पाहावे. की इन्फ्लुएन्सर्ससाठी मायक्रोसॉफ्टच निवडलेल्या स्थितीच्या (उदाहरणार्थ, ‘कमी गुण’) किमान शंभर नोंदी असाव्यात असे सुचवते. मग तोच आकडा दुसऱ्या एखाद्या रकान्याने फोडून बघावा, बर्कलीत विभागाने फोडला तसा. गल्ल्यावर बसणाऱ्या किंवा गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला विचारावे. कार्डाचे कारण त्याला पुष्कळदा आधीच माहीत असते. आणि भाव, माणसे किंवा माल यांबाबतचा निर्णय घेण्याआधी पुढच्या महिन्याच्या नव्या आकड्यांत तोच नमुना पुन्हा दिसतो का, याची वाट पाहावी.

पाचवी गोष्ट खास आपल्यासाठी. तुमच्या तारखांच्या तक्त्यात पंचांगाचा एक रकाना घाला: गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, श्रावण, अधिक मास. एका दुपारचे काम आहे, त्याला कोणतेही नवे सॉफ्टवेअर लागत नाही आणि त्यानंतर यंत्र सणाची तुलना सणाशी करू लागते. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. ऑगस्टचे कार्ड येण्याआधी हा रकाना भरून ठेवा.